'द गुड, द बॅड अँड द अग्ली' लक्षपूर्वक कसा पाहावा

सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' हा चित्रपट डिसेंबर १९६६ मध्ये इटलीत आणि त्यानंतर वर्षभराने अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या शीर्षकसंगीतातली शीळ ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही अशा असंख्य लोकांनाही ओळखीची आहे; परंतु चकमकींच्या अपेक्षेने चित्रपट लावणारा प्रेक्षक पुष्कळदा पहिल्या अर्ध्या तासातच अस्वस्थ होतो, कारण पडद्यावर गोळ्या थोड्या सुटतात आणि माणसे एकमेकांकडे फार वेळ पाहत राहतात. पुढील सूचना त्याच प्रेक्षकासाठी आहेत. हा चित्रपट वेगाचा नसून माहितीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. तीन माणसे एका पुरलेल्या धनाच्या मागे आहेत, आणि त्यांच्यापैकी कोण जिवंत राहील हे केवळ पिस्तुलाच्या चपळाईवर नव्हे, तर कोणाला काय ठाऊक आहे यावर ठरते. हा एक प्रश्न मनात ठेवून पाहिले, तर जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटातील बहुतेक संथ जागांचा अर्थ लागतो.

सर्वप्रथम आवृत्ती निवडावी लागते, आणि ही निवड पुष्कळ प्रेक्षक न करताच बसतात. चित्रपटाची आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी काटछाट केलेली आवृत्ती सुमारे १६१ मिनिटांची आहे. इटलीत दाखवलेली मूळ आवृत्ती तिच्यापेक्षा लांब होती. तिच्यातले वगळलेले प्रसंग परत घेऊन २००३ मध्ये सुमारे १७९ मिनिटांची इंग्रजी आवृत्ती तयार करण्यात आली. त्या प्रसंगांचे इंग्रजी संवाद पूर्वी ध्वनिमुद्रित झालेलेच नव्हते, म्हणून क्लिंट ईस्टवूड (ब्लाँडी) आणि इलाय वॉलक (टुको) यांनी उतारवयात ते नव्याने म्हटले. एंजल आइजची भूमिका करणारे ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्ये निवर्तले असल्यामुळे त्यांच्यासाठी दुसऱ्या कलाकाराचा आवाज वापरावा लागला. त्यामुळे लांब आवृत्तीत काही ठिकाणी आवाज एकदम वयस्कर होतो आणि नवख्या प्रेक्षकाचे लक्ष विचलित होते. पहिल्या वेळी १६१ मिनिटांची आवृत्ती पाहावी, असे मी सुचवेन. लांब आवृत्तीतील एक प्रसंग मात्र महत्त्वाचा आहे. उद्ध्वस्त किल्ल्यात जखमी सैनिकांमध्ये फिरून एंजल आइज माहिती काढतो, तो हा प्रसंग. तो नसेल तर हा मनुष्य पुढे युद्धकैद्यांच्या छावणीत कसा पोहोचला, याचा दुवा सुटतो. तेवढे लक्षात ठेवून दुसऱ्या वेळी लांब आवृत्तीकडे जावे.

चित्र आणि ध्वनी यांची तयारीही आधीच करून ठेवावी. हा चित्रपट टेक्निस्कोप पद्धतीने चित्रित झाला आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवर कडेच्या चार छिद्रांच्या नेहमीच्या उंचीऐवजी दोनच छिद्रांच्या उंचीची चौकट वापरली, की निम्म्या फिल्ममध्ये रुंद चित्र मिळते, हे त्या पद्धतीचे तत्त्व होते. चौकट लहान असल्यामुळे पडद्यावर चित्राचा कण ठळक दिसतो. हा कण म्हणजे दोष नव्हे. दूरचित्रवाणी संचातील चित्र गुळगुळीत करणारी आणि हालचाल कृत्रिमपणे सफाईदार करणारी सोय बंद करूनच चित्रपट पाहावा, अन्यथा छायाचित्रणकार टोनिनो देल्ली कोल्ली यांनी टिपलेली घामेजलेली, भेगाळलेली, धुळीने माखलेली कातडी मेणासारखी दिसू लागते. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर चित्र ताणून पडदा भरण्याचा मोह टाळावा. दोन माणसे चौकटीच्या दोन टोकांना उभी करून मधली जागा रिकामी ठेवणे ही लिओने यांची आवडती रचना आहे, आणि ती कापली गेली तर प्रसंगातला ताणच नाहीसा होतो. ध्वनीसाठी पर्याय असेल तर मूळ मोनो (एकवाहिनी) ध्वनिपट्टी निवडावी, कारण नंतरच्या बहुवाहिनी मिश्रणांत बंदुकीचे काही मूळ आवाज बदललेले आहेत.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत, ही तक्रार पहिल्या दहा मिनिटांतच होते. त्या काळच्या इटालियन पद्धतीनुसार संपूर्ण ध्वनी नंतर भरला जात असे. चित्रीकरणाच्या वेळी तिघे अमेरिकन नट इंग्रजीत बोलत होते आणि इतर कलाकार बहुधा इटालियन किंवा स्पॅनिश भाषेत. म्हणून भाषेच्या दृष्टीने पूर्णपणे 'मूळ' म्हणावी अशी एकही ध्वनिपट्टी नाही. तिन्ही प्रमुख नटांचे स्वतःचे आवाज ऐकायला मिळतात म्हणून इंग्रजी पट्टी घ्यावी आणि सोबत सबटायटल्स लावावीत. विशेषतः टुको भरभर बोलतो, आणि त्याच्या बडबडीत पुष्कळ माहिती दडलेली असते.

इतिहासाची थोडी पूर्वतयारी केल्यास चित्रपट दुप्पट समृद्ध होतो. कथा अमेरिकेतील यादवी युद्धात घडते, पण त्या युद्धाच्या प्रसिद्ध पूर्वेकडील रणांगणांपासून फार दूर. १८६२ च्या आरंभी दक्षिणेकडील महासंघाचे जनरल हेन्री सिब्ली टेक्सासमधून न्यू मेक्सिकोत शिरले; उत्तरेकडून त्यांच्यासमोर एडवर्ड कॅनबी होते. फेब्रुवारीत व्हॅल्व्हर्डे येथे दक्षिणेने विजय मिळवला, परंतु मार्चअखेरीस ग्लोरिएटा खिंडीतील लढाईत त्यांची रसद नष्ट झाली आणि उपाशी, तहानलेल्या सैन्याला वाळवंटातून माघार घ्यावी लागली. चित्रपटात सिब्ली आणि कॅनबी यांची नावे येतात आणि सतत मागे सरकणारे, थकलेले, जखमी सैनिक दिसतात, ते या मोहिमेतले. एवढेच माहीत असले की पुरे. उत्तरेचा गणवेश निळा आणि दक्षिणेचा करडा, हे मात्र अवश्य ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळू. पहिला संवाद येईपर्यंत सुमारे दहा मिनिटे जातात. या दहा मिनिटांत भ्रमणध्वनी बाजूला ठेवावा, कारण येथेच दिग्दर्शक आपल्याला चित्रपट वाचायला शिकवतो. अगदी पहिल्या दृश्यात आपल्यासमोर ओसाड माळ असतो, आणि एकाएकी चौकटीच्या कडेने एक रापलेला, चिरडल्यासारखा चेहरा आत येऊन सारा माळ झाकून टाकतो. जे चौकटीबाहेर आहे ते पात्रांना आणि प्रेक्षकांना सारखेच अदृश्य असते, हा नियम लिओने पूर्ण चित्रपटभर पाळतात. प्रत्यक्ष जीवनात अर्ध्या मैलावरून दिसेल अशी सैन्याची छावणी, पात्रे तिच्या दारात उभी राहीपर्यंत दिसत नाही. पहिल्यांदा हे चुकीसारखे वाटते. पण एकदा नियम कळला की प्रत्येक चौकटीच्या कडेकडे आपले लक्ष जाऊ लागते, आणि पुढचा धोका कोठून येणार याचा विचार पात्रांच्या बरोबरीने आपणही करू लागतो. तो पहिला चेहराही विसरू नये. त्याचा मालक पुष्कळ नंतर, टुको फेसाळ पाण्याच्या टबात बसलेला असताना, आपला हिशेब चुकता करायला परत येतो.

त्यानंतर तिघांची ओळख करून दिली जाते. टुको हा खिडकी फोडून, एका हातात मांसाचा तुकडा घेऊन बाहेर पडतो. एंजल आइज एका शेतकऱ्याच्या घरात शिरतो, त्याच्याच ताटातले अन्न शांतपणे खातो आणि धन लपवणाऱ्या सैनिकाचे बिल कार्सन हे नाव काढून घेतल्यावर त्याला ठार मारतो. ज्याने सुपारी दिली त्यालाही तो नंतर मारतो, कारण मरणाऱ्याने त्याच्या हातात पैसे ठेवलेले असतात आणि घेतलेल्या पैशाचे काम पुरे करणे ही त्याची एकमेव नीती आहे. येथून पुढे आपण माहितीची वही मनात उघडावी. एंजल आइजला धन आहे हे कळले, कार्सन हे नाव कळले, पण जागा कळलेली नाही.

ब्लाँडी आणि टुको यांचा धंदा मराठी प्रेक्षकाला ओळखीचा वाटेल. टुकोच्या डोक्यावर इनाम आहे. ब्लाँडी त्याला पकडून देतो, दोन हजार डॉलर घेतो, फाशीच्या वेळी दुरून गोळी मारून दोर तोडतो आणि पैसे दोघांत वाटले जातात. पुढच्या गावात इनाम तीन हजारांवर जाते. 'शोले'मध्ये जय आणि वीरू सूरमा भोपालीकरवी स्वतःला पकडून देतात आणि इनामाचा अर्धा वाटा मागतात, तो प्रसंग आठवला की एकाच कल्पनेचे दोन स्वभाव दिसतात. तेथे मैत्री आधीच पक्की आहे, म्हणून तो विनोद होतो. येथे ज्याच्या गळ्यात दोर आहे त्याचा जीव दुसऱ्याच्या नेमावर आणि मर्जीवर अवलंबून आहे, आणि वाटा किती असावा हा वाद त्यातूनच पेटतो.

वाळवंटातला भाग लांब आहे आणि तेथे कंटाळा येऊ शकतो; तरीही तो पूर्ण पाहावा, कारण त्याच्या शेवटी चित्रपटाचा सांधा आहे. सूड घ्यायला निघालेला टुको ब्लाँडीला उन्हात पाण्यावाचून चालवतो. इतक्यात मृत सैनिकांनी भरलेली एक घोडागाडी येते, आणि तिच्यात बिल कार्सन शेवटचे श्वास घेत असतो. दोन लाख डॉलरचे सोने एका दफनभूमीत पुरले आहे, तिचे नाव तो टुकोला सांगतो. टुको पाणी आणायला धावतो, आणि तेवढ्यात थडग्यावरचे नाव कार्सनच्या तोंडून ब्लाँडी ऐकतो. एका क्षणात सगळे उलटे होते. ज्याला टुको ठार मारत होता त्याला जगवण्यासाठी त्याला आता मिशनमध्ये न्यावे लागते, त्याची शुश्रूषा करावी लागते, त्याला मित्र म्हणावे लागते. अर्धे गुपित एकाकडे आणि अर्धे दुसऱ्याकडे, ही रचना इतकी साधी आणि इतकी घट्ट आहे, की पुढचे सव्वा-दीड तास ती कथेला एकटीच ओढून नेते.

त्याच मिशनमध्ये टुकोची त्याच्या भावाशी, पाद्री पाब्लोशी, भेट होते. हा प्रसंग धनाशी संबंधित नाही म्हणून काही जण तो पुढे ढकलतात, ते करू नये. टुको हा येथवर लबाड, शिवराळ आणि क्रूर म्हणून आपल्यासमोर आला आहे. येथे कळते की गरिबीतून सुटण्याच्या दोनच वाटा होत्या आणि भावाने पाद्री होण्याची घेतल्यावर याच्या वाट्याला दुसरी आली. बाहेर आल्यावर तो ब्लाँडीला खोटेच सांगतो की भाऊ आपल्याशी फार प्रेमाने वागला. ब्लाँडीने आडून सारे ऐकले आहे. तो ते बोलून दाखवत नाही, फक्त आपली सिगार त्याच्यापुढे करतो. माहिती असूनही न वापरण्याचा हा प्रसंग आहे, आणि माझ्या लेखी ईस्टवूड यांच्या भूमिकेतला हा सर्वांत माणुसकीचा क्षण आहे.

यानंतर युद्ध कथेत शिरते. करड्या दिसणाऱ्या घोडदळाला पाहून टुको दक्षिणेच्या नावाने जयजयकार करतो. अधिकारी बाहीवरची धूळ झटकतो आणि खालून निळा रंग दिसतो. दोघे बेटरव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोहोचतात, जेथे एंजल आइज उत्तरेचा सार्जंट बनून बसला आहे. दक्षिणेच्या अँडरसनव्हिल छावणीत सुमारे तेरा हजार कैदी मेले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे; लिओने यांनी मात्र विजेत्या उत्तरेची छावणी दाखवली. टुकोला मारहाण होत असताना बाहेर कैद्यांच्या वाद्यवृंदाला गाणे वाजवायला लावले जाते, म्हणजे किंकाळ्या ऐकू येऊ नयेत. हा प्रसंग लहान मुलांसोबत पाहण्याजोगा नाही. मोठ्यांनी तो पाहताना वाजवणाऱ्यांचे चेहरे पाहावेत, कारण मारहाणीपेक्षा अधिक काही त्यांच्यावर दिसते. ब्लाँडीला मात्र एंजल आइज हात लावत नाही, कारण हा मनुष्य बोलणार नाही हे त्याला कळते. मारहाणीत टुकोने दफनभूमीचे नाव सांगून टाकल्यामुळे आपली वही येथे पुन्हा बदलते.

पुलाचा भागही घाईने पाहू नये. नदीच्या दोन तीरांवर दोन सैन्ये आहेत, पूल दोघांनाही शाबूत हवा आहे, आणि त्यासाठी रोज माणसे मरतात. मद्याच्या आधारे उभा असलेला उत्तरेचा कॅप्टन मनोमन तो पूल उडालेला पाहू इच्छितो. आपले दोघे तो उडवतात ते पलीकडे जाण्यासाठी, पण मरणासन्न कॅप्टनला तो स्फोट ऐकू येतो. सुरुंग लावतानाच दोघे आपापले गुपित एकमेकांना सांगतात: टुको दफनभूमीचे नाव सांगतो, सॅड हिल, ब्लाँडी थडग्याचे नाव सांगतो, आर्च स्टँटन. ब्लाँडीचे उत्तर नीट लक्षात ठेवावे.

संगीताबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण एन्यो मोरिकोने यांचे संगीत येथे प्रसंगाच्या मागे नसून प्रसंगाच्या बरोबरीने उभे आहे. मुख्य धून कोल्ह्यासारख्या कोयोटच्या हाकेवर बेतलेली आहे, आणि तिन्ही पात्रांसाठी ती वेगवेगळ्या आवाजांत येते: ब्लाँडीसाठी बासरी, एंजल आइजसाठी ओकारिना हे मातीचे फुंकवाद्य, आणि टुकोसाठी मानवी कंठ. पहिल्या वेळी हे मुद्दाम शोधू नये. दुसऱ्या वेळी डोळे मिटून केवळ ऐकले तरी पडद्यावर कोण आले हे सांगता येते. टुको दफनभूमीत पोहोचतो तेव्हा 'द एक्स्टसी ऑफ गोल्ड' सुरू होते. आधी पियानोची फिरती सुरावट, मग हळूहळू भरत जाणारी वाद्ये, आणि त्यांवर गायिका एदा देल्लॉर्सो यांचा शब्दावाचूनचा स्वर. टुको थडग्यांमधून धावतो, कॅमेरा त्याच्याबरोबर फिरू लागतो, आणि शेवटी थडगी केवळ रेषा होऊन जातात. येथे आवाज पुरेसा मोठा ठेवावा. एवढी मोकळी, हावरी आणि तरीही पवित्र वाटणारी मिनिटे चित्रपटांत मला फार थोडी आढळली आहेत.

ज्यांनी चित्रपट अद्याप पाहिलेला नाही, त्यांनी पुढचा परिच्छेद नंतर वाचावा.

शेवटची तिहेरी झुंज पाहताना गोळी कधी सुटते याची वाट पाहू नये. अंतर कसे बदलते ते पाहावे. तिघे गोल फरसबंदीवर दूरदूर जाऊन उभे राहतात आणि चौकट इतकी रुंद असते की माणसे ठिपक्यांएवढी होतात. मग कंबरेपर्यंतची दृश्ये येतात, मग हात, पिस्तुले, चेहरे आणि शेवटी केवळ डोळे. दृश्ये आखूड होत जातात आणि गिटार व तुतारी चढत जातात. या वेळात तिघांच्या नजरा वाचाव्यात. एंजल आइजची नजर दोघांमध्ये भिरभिरते, टुकोची घाबरलेली आहे, ब्लाँडी मात्र एकाकडेच पाहतो. याचे कारण गोळी सुटल्यावर कळते: आदल्या रात्रीच त्याने टुकोचे पिस्तूल रिकामे करून ठेवले होते. तिघांत एकट्यालाच ठाऊक होते की ही तिघांची झुंज नसून दोघांची आहे. थडग्याचे नाव लिहिल्याचे सांगून ब्लाँडीने मध्ये ठेवलेल्या दगडावरही काही लिहिलेले नाही, कारण सोने आर्च स्टँटनच्या थडग्यात नाही, तर शेजारच्या 'अज्ञात' लिहिलेल्या थडग्यात आहे. पहिल्या तासापासून सांभाळलेली वही येथे पूर्ण होते, आणि पुन्हा पाहताना ही सारी मिनिटे संपूर्णपणे वेगळी दिसतात.

दुसऱ्या वेळी निर्मितीकडे लक्ष द्यावे. न्यू मेक्सिको म्हणून दाखवलेला प्रदेश स्पेनमधला आहे: वाळवंटी भाग मुख्यतः दक्षिणेतील आल्मेरियाचा, आणि पूल, छावणी व दफनभूमी उत्तरेतील बुर्गोस प्रांतातली. पूल आणि सुमारे पाच हजार थडग्यांची दफनभूमी स्पॅनिश सैनिकांनी उभारली. सूचनेतील गैरसमजामुळे कॅमेरे सुरू होण्याआधीच पूल उडवला गेला, आणि सैन्याने तो पुन्हा बांधून दिल्यावर आज दिसणारे दृश्य घेता आले. रेल्वेखाली साखळी तोडून घेण्याच्या प्रसंगात वॉलक रुळांशेजारी खरोखरच पडून होते. डब्यांच्या बाहेर आलेल्या लोखंडी पायऱ्या त्यांच्या डोक्यावरून किती जवळून जातात, ते दृश्य थांबवून पाहिले की अंगावर काटा येतो.

सॅड हिलची जागा पुढे अनेक दशके मातीखाली आणि गवताखाली गेली होती. २०१५ पासून स्वयंसेवकांनी ती खणून मधले फरसबंदीचे वर्तुळ मोकळे केले, आणि या कामावरचा माहितीपट २०१७ मध्ये आला. चित्रपटानंतर तो अवश्य पाहावा. स्पेनला जाण्याचा योग असेल तर सांतो दोमिंगो दे सिलोस या गावापासून ही जागा जवळ आहे. आणि लिओने यांचे पुढचे पाऊल पाहायचे असेल, तर आधीचे दोन डॉलर-चित्रपट ('अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' आणि 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर') घेण्यापूर्वी १९६८ चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' घ्यावा, कारण येथे कमावलेला धीर तेथे लगेच उपयोगी पडतो: त्याचा आरंभ याहूनही संथ आहे.